दादाचा रिपोर्ट
६ ऑगस्ट १९९४, नौपाड्यातला दवाखाना. हजर: आई, दादा, वहिनी, तिच्या मांडीवर डाऊन सिंड्रोम असलेलं बाळ आणि मी. स्पिरिटचा वास आला की तीच खोली आठवते. आई वर्षभर वहिनीच्या माहेराला बोल लावत होती. डॉक्टर दादाला म्हणाले, “तुमचं एक एकविसावं गुणसूत्र चौदाव्याला चिकटलंय. तुम्हाला त्याचा त्रास नाही, पण बाळात ते जास्तीचं आलंय. बहिणीतही तसंच असू शकतं, तिनेही तपासून घ्यावं.” दादा खुर्चीत चुळबुळत राहिला. मी पिशवीचे बंद गुंडाळत आणि सोडत होते. बाहेर पडताच आई मला म्हणाली, “अगं, कुठे बोलू नकोस. तुझं लग्न जमत आलंय.” “आणि माझ्या माहेरी कोण सांगणार?” वहिनीने विचारलं. आई रिक्षा थांबवायला पुढे गेली, मीही तिच्यामागे गेले. माझं लग्न झालं, तपासणी राहिली. आता माझ्या मुलीला तिसरा महिना लागलाय, आणि तिला मी अजून काहीच सांगितलेलं नाही.