भय्यासाहेबांनी शिकवलेला मुजरा

माझ्या थोरल्या भावाला सगळं माधव नगर भय्यासाहेब म्हणतं. म्हणू दे. नोकरी केली बांधकाम खात्यात कारकुनाची, आणि रुबाब असा की काल संध्याकाळीच दरबारातून उठून आलाय. ओळख झाल्यावर पाचव्या मिनिटाला सांगतो की आमचे पूर्वज शिंदे सरकारांच्या दफ्तरी होते. होते ना! या खोलीतली दफ्तरं उचलून त्या खोलीत ठेवायला होते. हे आमच्या वडिलांनीच मला सांगितलं होतं. पण भय्याला सांगून बघा, आठवडाभर जेवणावर रुसतो. बहात्तर वर्षांचा घोडा!

मी शैला, त्याची बहीण. मुलींच्या शाळेत तेहतीस वर्षं गणित शिकवलं, लग्नाच्या भानगडीत पडले नाही, रिटायर झाल्यापासून याच घरात वरच्या खोलीत राहते. खाली भय्या, त्याची सून गौरी आणि नात निहारिका. मुलगा शैलेंद्र पुण्याला नोकरीत. महिन्यातून एकदा येतो, लेकीला खेळणं देतो, बापापुढे मान हलवतो आणि परत पळतो.

निहारिका सात वर्षांची. तिला ऑटिझम आहे, ती बोलत नाही. भय्यानं पहिली दोन वर्षं 'आमच्या घराण्यात मुलं उशिराच बोलतात' असं लोकांना सांगण्यात घालवली, आणि पुढची दोन दृष्ट काढण्यात. पोर तोवर हात चावायची. अंगठ्याच्या मुळाशी कातडी राठ झाली होती तिची. पाहुणे आले की भय्या तिला आतल्या खोलीत पाठवायचा. "तब्येत नाजूक आहे," म्हणायचा. लाज वाटायची त्याला, दुसरं काय?

शेवटी गौरी तिला घेऊन नानाखेड्याला गेली. तिथे स्टेशनरीच्या दुकानावर दोन खोल्यांत प्राजक्ता नावाची मुलगी वर्तन-थेरपी करते, इंदूरला शिकून आलेली. मला वाटलं, झालं, आणखी एक दुकान. पण पोरगी शहाणी निघाली. तिनं गौरीला एक वही करायला लावली. निहारिका चावायच्या आधी काय घडलं, मग तिनं काय केलं, आणि त्यावर आपण काय केलं, एवढंच लिहायचं. पंधरा दिवसांत माझ्यासारख्या मास्तरणीलाही दिसलं, पोर उगाच चावत नव्हती. केस विंचरताना चावायची. कुकरच्या शिट्टीला चावायची. घरात गर्दी झाली की चावायची. आणि ती चावली की आपण हातातलं टाकून बाजूला व्हायचो. चावणं हेच तिचं 'पुरे' होतं.

"मग आपण तिला न दुखणारं 'पुरे' शिकवू," प्राजक्ता म्हणाली. तिनं एक पिवळं कार्ड दिलं, त्यावर पंजाचं चित्र. निहारिकेनं ते हातात दिलं की जे चाललंय ते त्याच क्षणी थांबवायचं. "एकदाही टाळायचं नाही, आत्या. ती सांगते आणि आपण ऐकतो, एवढंच शिकवायचंय तिला." शेवेची भानगड वेगळी. चपला जागेवर ठेवल्या, दात घासले, की बारीक शेवेची एक चिमूट. आमची पोर शेवेवर जीव टाकते.

ते कार्ड द्यायला शिकायला पोरीला साडेचार महिने लागले. गौरी शाळेत शिकवून यायची आणि पोरीसमोर जमिनीवर बसायची, रोज. ज्या दिवशी निहारिकेनं कंगवा बघून आपण होऊन कार्ड पुढे केलं, त्या दिवशी गौरी कंगवा टाकून माझ्या खोलीत आली आणि रडली. मीही रडले. भय्या खाली पेपर वाचत होता. "कार्डानं काय होतंय, तोंडानं बोलायला शिकवा म्हणावं," म्हणाला.

पण एक दिवस त्यानं ती शेव बघितली, आणि त्याचं टाळकं चाललं. एवढी सगळी थेरपी, त्यातून या माणसाला कळलं काय, तर शेव दिली की पोर सांगू ते करते. वा रे विद्वान! दसऱ्याला या हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळात सोनं वाटायचा कार्यक्रम असतो. तिथे जुन्या घराण्यातली मुलं व्यासपीठावर जाऊन अध्यक्षांना त्रिवार मुजरा करतात. वाकायचं, उजवा हात जमिनीशी न्यायचा, कपाळाला लावायचा, असं तीनदा. शिंदे सरकार गेले, दरबार गेला, अध्यक्ष म्हणून बसतो तो साड्यांचा दुकानदार, पण मुजरा झाला पाहिजे. सगळ्यांची नातवंडं जायची. आमच्या घराण्याचं कोणीच जात नव्हतं, आणि ते भय्याच्या पोटात सात वर्षं दुखत होतं.

गौरी पाचला घरी यायची. चार वाजता भय्या बैठकीचं दार लोटून घ्यायचा. "नातीला वेळ देतोय," मला म्हणाला. मी एकदा फटीतून बघितलं. खिशात शेवेची पुडी, आणि हा माणूस "वाक! हात खाली! पुन्हा!" करतोय. दोन-तीनदा वाकल्यावर निहारिकेनं कार्ड पुढे केलं. त्यानं ते घेतलं, कुडत्याच्या खिशात टाकलं आणि म्हणाला, "हे असलं तिथे शोभत नाही. वाक." पोरीनं हात तोंडाकडे नेला. त्यानं तो हात धरून खाली केला. मग शेव. पाच वाजायच्या आत कार्ड मुकाट जागेवर ठेवून द्यायचा, गौरीला कळू नये म्हणून. एवढी अक्कल बरोबर होती.

हे सव्वा महिना रोज चाललं, आणि येता-जाता मला दिसत होतं. आणि मी? एवढी फटकळ बाई मी, गौरीला अवाक्षर बोलले नाही. खरं सांगते, मलाही बघायचं होतं. आमची निहारिका चारचौघांत उभी राहिलेली मला एकदा बघायची होती. मी दारापासून परत फिरले आणि चहा टाकला.

दसऱ्याला ती नऊवारी नेसून व्यासपीठावर गेली आणि तीन मुजरे असे केले की सभागृह उठून उभं राहिलं. गौरीला मुजऱ्याचा पत्ताच नव्हता, तिच्या तोंडाचा आ मिटेना. टाळ्यांचा एवढा गोंगाट झाला, पण पोरीनं कानसुद्धा झाकले नाहीत. भय्या छाती काढून फिरत होता. मीही टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर निहारिका फारच गुणी झाली. केस विंचरू देऊ लागली. कुकर होऊ देऊ लागली. कोणी पुढ्यात आलं की वाकून मुजरा करायची, दूधवाल्यालासुद्धा. गौरीला वाटलं, थेरपीचं फळ. एकट्या प्राजक्ताचा चेहरा पडला. "आठ दिवसांत एकदाही कार्ड दिलं नाही? हे चांगलं लक्षण नाहीये, ताई. घरी काही बदललंय का?" गौरी म्हणाली, नाही. मी शेजारीच बसले होते.

दहाव्या दिवशी उशीवर पिवळा डाग दिसला, म्हणून तिला फ्रीगंजला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. भय्या मिरवायला बरोबर. डॉक्टर समोर येताच निहारिका वाकली. हात जमिनीला, हात कपाळाला. गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि ती पुन्हा वाकली. "देखिए, कितनी समझदार है," भय्या म्हणाला, आणि शेवेसाठी त्याचा हात खिशात गेला.

डॉक्टरांनी कानात बघितलं आणि मान वर केली. "पर्दा फट गया है. आठ-दस दिन से बहुत दर्द होगा इसको. बताया नहीं इसने?"

"बोलती नहीं ना डॉक्टर साहब," भय्या म्हणाला. "बताएगी कैसे?"

तेव्हा माझं तोंड उघडलं. त्या दिवशी. सव्वा महिन्यानं, आणि वर दहा दिवसांनी.

"ती सांगत होती, भय्या. रोज चार वाजता हातात आणून देत होती. तू खिशात टाकत होतास. मी बघितलंय."

भय्या माझ्यावर ओरडला, काहीतरी घराण्याबद्दल. गौरीनं त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. तिनं पोरीला उचलून छातीशी धरलं आणि ती माझ्याकडे बघत राहिली.

"तुम्हाला माहीत होतं, आत्या?"