अकीलच्या नावाची सव्वा मूठ

कानबाईच्या रोटाचा गहू वच्छलाअक्कांशिवाय कोणी मोजायचा नाही, हे सोनगीरच्या आतल्या अंगाला असलेल्या त्या गावात लहान पोरालाही ठाऊक होतं. अक्का घराण्याच्या थोरल्या सूनबाई. सासूनं जाताना त्यांच्या हाती कोठीची किल्ली दिली आणि रोटाची टोपली दिली. किल्ली पुढं सुनेकडे गेली, टोपली अक्कांकडेच राहिली.

नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई देवी बसते. आदल्या दिवशी सकाळी भाऊबंदकीतल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू टोपलीत टाकायचा. कोणी सुरतेला कापडाच्या कारखान्यात असो, कोणी पाळण्यात असो, नाव सुटता कामा नये. तो गहू दळून त्याचे रोट, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या पोळ्या, करायच्या आणि ज्यांच्या नावाचा गहू त्या घराण्यानंच ते खायचे. सासरी गेलेल्या लेकीलाही त्यातला घास नाही. आणि एकदा नाव घेऊन टोपलीत पडलेला गहू परत कोठीत जात नाही. नवलच्या वेळी हे सगळ्या गावानं पाहिलं होतं. नवल हा भाऊबंद शेताच्या बांधावरून भांडून वेगळा झालेला, त्याचं नाव त्या वर्षी घ्यायचं नाही असं ठरलेलं, आणि अक्कांच्या तोंडून सवयीनं ते निघून गेलं. तेव्हा रुपचंदआबाच म्हणाले होते की कानबाईनंच नाव घेतलं, आपण कोण मोडणार. आबा म्हणजे अक्कांचे धाकटे दीर, घराण्याचे कर्ते. नवलला बोलावणं गेलं. तो मान खाली घालून आला, रोट खाल्ला, आणि बांधाचं भांडण तिथंच राहिलं.

गहू दळायचा तो हलीमाबीच्या गिरणीवर.

हलीमाबी पिंजाऱ्यांच्या. अक्का आणि त्या एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन या गावात आल्या. अकील जन्मला तेव्हा हलीमाबी तापानं फणफणल्या होत्या, अंगावरचं दूध आटलं होतं. अक्कांचा योगराज त्या वेळी तान्हा होता. अक्कांनी सासूला विचारलं नाही, सवरलं नाही. एका बाजूला योगराज आणि दुसऱ्या बाजूला अकील घेऊन बसल्या. पुढं या दोघांत रुपचंदआबांचा भूपेंद्र मिळाला आणि तिघांचं एकच बिऱ्हाड झालं. दिवेलागणीला अक्का ओट्यावरून एका दमात हाक मारायच्या, "योगराज, अकील, भूपेंद्र," आणि तिघंही एकाच धुळीतून उगवायचे.

म्हणून दोघींनी आपापलं काही सोडलं होतं असं नाही. अक्कांच्या गळ्यात तुळशीची माळ. हलीमाबीच्या चुलीवरचं त्या खात नसत. ईदला हलीमाबी कोरड्या शेवया, खोबरं, साखर सुपात घालून पाठवायच्या, अक्का त्या आपल्या घरी दुधात शिजवायच्या. हलीमाबी देवापुढचा प्रसाद तोंडात घालत नसत. म्हणून आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, नैवेद्य दाखवायच्या आधीच अक्का त्यांचं पुरण वाटीत काढून ठेवायच्या. यावरून दोघींत कधी तोंड वाकडं झालं नाही. उलट एकमेकींच्या देवाचं दोघींनाही नीट भान होतं.

रोटाच्या शनिवारी तर हलीमाबीचं बघण्यासारखं असायचं. आदल्या संध्याकाळपासून गिरणी बंद. जातं उघडून आतलं जुनं पीठ कुंच्यानं काढायचं, दगडाच्या पाळी धुऊन पुसून कोरड्या करायच्या, फरशी धुवायची. सकाळी अंघोळ करून उपाशीपोटी बसायचं आणि पहिलं दळण अक्कांच्या टोपलीचं. तोवर बाजरीचा दाणासुद्धा आत नाही. बिस्मिल्ला म्हणून बटण दाबायचं. नवरा इसाकभाऊ असतानाही असंच होतं, ते गेल्यावरही तसंच राहिलं. माहेरचा एक नातलग त्यांना एकदा म्हणाला होता, दुसऱ्यांच्या देवीचं दळण तू कशाला दळतेस, पाप लागेल. हलीमाबीनं त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला.

योगराज सुरतेला कारखान्यात गेला, पण होता तसाच राहिला. भूपेंद्र मात्र दोन-तीन वर्षांत बदलला. धुळ्याला नोकरीला लागला, तिथं नवी बैठक मिळाली, मोबाईलवर दिवसरात्र नाही नाही ते येऊ लागलं. अकील गावात मोटारपंप दुरुस्त करायचा. एका पोळ्याला त्यानं नेहमीसारखा चहाचा कप पुढं केला, तर भूपेंद्रनं तो घेतला आणि न पिता कट्ट्यावर ठेवून दिला. त्या दिवसापासून अकील त्यांच्या ओट्यावर चढेना.

यंदा आषाढ संपता संपता भूपेंद्रनं घरघंटी आणली आणि भाऊबंदांच्या बैठकीत विषय काढला. आपल्या देवीचा रोट, तो त्यांच्या गिरणीवर कशाला? ती बाई वर तिचं काहीतरी म्हणून बटण दाबते. आता घरची चक्की आहे. आधी एकानं मान डोलावली, मग चौघांनी. रुपचंदआबा पोराच्या तोंडाकडे पाहत राहिले आणि शेवटी म्हणाले, "चला, तसं करा." अक्का दाराआड बसल्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं नाही.

उघडलं नाही याचं कारण भीती. माणसांची नव्हे, बाईची. कानबाई कडक. तिच्या रोटात काही उणं-वाकडं झालं तर घराण्याला भोवतं, हे अक्का लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. इतकी वर्षं आपण चुकत तर नव्हतो? बाईला चालत नसेल तर? देवघरात बसून त्यांनी रोज विचारलं. उत्तर काही येईना.

शुक्रवारी त्या गिरणीवर गेल्या. हलीमाबी जात्याची पाळी धूत होत्या. कोपरापर्यंत ओल्या, पदर खोचलेला.

"तुले कोणी सांगं नही का?" अक्कांनी विचारलं.

"सांगं ना. बठ्ठा गाव सांगी गया." हलीमाबीनं पाळीवर आणखी एक तांब्या ओतला. "तू धाड तुना गहू तथा. मी राग धराव नही."

"मंग हाई कसाले धुई राह्यनी?"

"उद्या शनिवार शे म्हणीसन."

एवढंच बोलणं झालं. अक्का घरी आल्या.

शनिवारी सकाळी बायका जमल्या. न्हाऊन, हिरव्या-लाल लुगड्यांत, केसांत फुलं माळून. भूपेंद्रची बायको दीपमाला होती, शेजारची कमलबाई होती, नवलची सून होती. ओट्यावर पुरुष बसलेले. आत घरघंटी पुसून, तिला हळदकुंकू लावून तयार ठेवलेली, तिच्यापाशी भूपेंद्र उभा. अक्कांनी टोपलीला बोटं लावून कपाळाला नेली आणि मोजायला घेतलं. आधी रुपचंद. मग नवल. एकेक नाव, एकेक मूठ, वर पाव मूठ. बायका मागून कानबाईचं गाणं हळू आवाजात धरत होत्या. अक्कांचे डोळे मिटलेले, हात आपोआप गव्हात जात होता.

"योगराज," त्या म्हणाल्या. गहू पडला.

"अकील," त्या म्हणाल्या. गहू पडला.

गाणं थांबलं.

अक्कांनी डोळे उघडले. हातातले चार दाणे अजून बोटांना चिकटलेले. आपण काय बोललो ते त्यांना बायकांच्या तोंडांवरून कळलं. पोरांना जेवायला हाक मारायची जीभ ती, तिला नावं त्याच क्रमानं येत होती. घराण्यात कोण आणि बाहेर कोण हे तिला कोण सांगणार? रोटाच्या टोपलीत पिंजाऱ्याच्या पोराचं नाव. असं याआधी कधी झालं नव्हतं.

भूपेंद्र पुढं आला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, पण कडक होता. "मोठी माय, टोपली ओता. नव्यानं मोजा."

अक्कांचा हात टोपलीच्या काठाकडे गेलाही. आणि तिथंच थांबला.

ओतायची? बाईच्या नावानं मोजलेला गहू ओतायचा? आजवर कोणी ओतला होता? गेले कितीतरी दिवस देवघरात बसून त्या विचारत होत्या, तुला चालतं का, चालतं का. आणि उत्तर येत नाही म्हणून रडत होत्या. उत्तर तर टोपलीत पडलं होतं.

त्या सावकाश उठून उभ्या राहिल्या.

"वताव नही," अक्का म्हणाल्या. "हाई नाव मी लिधं नही. बाईनी लिधं."

"असं कुठं असतं?" भूपेंद्र म्हणाला.

"नवलना येळले व्हतं," कमलबाई मागून म्हणाली. ती कधी पुरुषांसमोर बोलत नसे. तिचा आवाज तिलाच नवा वाटला असावा. "आबा, तवय तुम्हीच सांगेल व्हतं ना?"

सगळ्यांनी ओट्याकडे पाहिलं. रुपचंदआबांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली. नवल त्यांच्या शेजारीच बसला होता. तो आबांकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता, पण त्याचे डोळे भरून आलेले सगळ्यांना दिसत होते. अकीलला नाही म्हणायचं तर नवललाही पुन्हा बाहेर काढायचं, हे आबांना कळत होतं.

"मोजलेला गहू कोठीत जात नाही," आबा शेवटी म्हणाले. "ते काही मी केलेलं नाही. आधीपासूनचं आहे."

"मग दळायचा कुठं?" कोणीतरी विचारलं.

अक्कांनी टोपलीवर हिरवा खण टाकला, डोक्यावर घेतली आणि त्या ओट्याच्या पायऱ्या उतरल्या. गुडघे दुखायचे म्हणून एरवी भिंत धरून उतरायच्या; त्या दिवशी दोन्ही हात टोपलीला होते. गल्लीच्या मध्यातून, ज्यांना बघायचं त्यांनी बघावं अशा, त्या गिरणीच्या रस्त्याला लागल्या आणि थांबलेलं गाणं त्यांनी जिथं तुटलं होतं तिथूनच उचललं. एकटीच्या आवाजात. चार घरं ओलांडेपर्यंत तो एकटाच आवाज होता. पाचव्या घरापाशी मागून कमलबाईचा मिळाला. मग नवलची सून आपल्या घरच्या दळणाची टोपली घेऊन आली. वाटेतल्या दारादारांतून बायका निघू लागल्या. कोणाच्या टोपलीवर पितळी ताट झाकलेलं, कोणाच्या कडेवर पोर. वळणावर अक्कांनी जरा मागं पाहिलं. सगळी गल्ली टोपल्यांनी भरली होती, आणि त्यांच्या अगदी पाठीशी, नवऱ्याच्या घरघंटीवरून आपला गहू उचलून आणलेली दीपमाला चालत होती.

हलीमाबी गिरणीच्या उंबऱ्यात बसल्या होत्या. न्हालेल्या, उपाशी, डोक्यावर धुतल्या लुगड्याचा पदर. गिरणीच्या दाराला आंब्याची डहाळी. सकाळपासून एक माणूस फिरकलं नव्हतं आणि तरी त्या उठल्या नव्हत्या. गाणं ऐकू आलं तेव्हा त्यांना वाटलं बायका देवळाकडे चालल्या असतील. टोपल्या वळून आपल्याच दारात येताना पाहिल्या तशा त्या उठल्या.

"इतला उशीर?" हलीमाबी म्हणाल्या. "मना पोटमा कावळा वरडी राह्यनात."

बायका खळखळून हसल्या. अक्कांनी टोपली उतरवली. हलीमाबीनं बिस्मिल्ला म्हटलं, अक्कांनी कानबाईचं नाव घेतलं आणि बटण दाबलं गेलं. गिरणीचा आवाज गावभर झाला.

गहू घालायच्या आधी अक्कांनी टोपलीत काय झालं ते सांगितलं. अकीलचं नाव निघाल्याचं ऐकून हलीमाबीनं टोपलीवरचा खण सारखा केला. मग हळूच म्हणाल्या की आमच्यात एकीच्याच अंगावरचं दूध प्यायलेले भाऊच मानतात, तेव्हा बाई काही चुकली नाही. पण रोट देवीपुढचा, तो अकील खाणार नाही, तेवढं समजून घे. अक्का म्हणाल्या, ते का मला सांगावं लागतं? त्यांनी आधी टोपलीतला दोन-तीन ओंजळी गहू जात्यात सोडला. पीठ पडायला लागलं तसं त्यांनी पहिलं ऊन ऊन पीठ, अजून देवीला न गेलेलं, सव्वा मूठ मोजून हलीमाबीच्या पदरात घातलं. ईदच्या शेवयांसारखं. कोरडं.

तेवढ्यात बायकांमध्ये कुजबुज झाली. दाराशी भूपेंद्र उभा होता. आत आला नव्हता. बाहेरच्या कट्ट्यावर अकील पान्हा हातात घेऊन बसला होता, आईची गिरणी आज बंद पडू नये म्हणून सकाळपासून तिथंच. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही नजर काढली. भूपेंद्रचा चेहरा उतरलेला. घरात घरघंटी आणि तो, दोघंच उरले होते.

"मोठी माय," त्यानं दारातूनच विचारलं, "मनी मूठ मोजी का?"

अक्कांनी टोपलीत हात घातला. गोंधळात मोजणं अकीलवरच थांबलं होतं, शेवटचं एक नाव राहिलं होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी बरोबर आणलेल्या पिशवीतून मूठ भरली, त्यावर पाव मूठ घेतली, मोठ्यानं "भूपेंद्र" म्हणाल्या आणि गहू टोपलीत सोडला.

"पडी गयी. अकीलना वर," अक्का म्हणाल्या. "आते तुले तुना दाणा येगळा पाहिजे व्हई त बस वेचत. आम्ही थांबतस."

आधी अकीलला हसू फुटलं. त्यानं दाबायचा प्रयत्न केला, पण खांदे हलायला लागले. मग भूपेंद्रलाही राहवलं नाही. बायका तर पदरात तोंड घालून हसत होत्या. भूपेंद्र उंबरा ओलांडून आत आला, खाली वाकला, टोपली दोन्ही हातांनी उचलली आणि गिरणीच्या तोंडात ओतायला लागला. टोपली जड होती. एका अंगाला कलायला लागली तशी अकीलनं पान्हा खाली ठेवला आणि दुसरा काठ धरला.

रविवारी कानबाई बसली. सोमवारी सकाळी तिला डोक्यावर घेऊन बायका नदीला निघाल्या तेव्हा हलीमाबी दरवर्षीप्रमाणे गिरणी बंद ठेवून, हंडा भरून रस्त्यावर उभ्या होत्या. बाईच्या पायांखालची धूळ बसावी म्हणून त्यांनी पाणी शिंपडलं. अक्का त्या ओल्या मातीवरून पुढं गेल्या, आणि जाता जाता त्यांनी हलीमाबीला विचारलं की अकीलनं त्या सव्वा मुठीची पोळी खाल्ली का.

"दोन्ही पोरंस्नी खादी," हलीमाबी म्हणाल्या. "तुना भूपेंद्र उपाशीच येल व्हता."