एक हजार वॅटची आंघोळ

नरकात जाण्यापासून मी आयुष्यात एकदाच, आणि तेही जेमतेम दहा मिनिटांनी, वाचलो आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी ओतूरला हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो आणि नुकतंच लग्न झालं होतं. पहिल्या दिवाळसणाला बोरी बुद्रुकला सासरी गेलो, तो पिशवीत एक हजार वॅटचा नवाकोरा हीटर घेऊन. (सासऱ्यांना भेट म्हणून. खरं तर स्वतःची हुशारी दाखवायला!) नरकचतुर्दशीची आंघोळ सूर्य उगवायच्या आत झाली नाही तर माणूस नरकात जातो, यावर सासूबाईंची पक्की श्रद्धा. पहाटे त्या बंब पेटवायला निघाल्या, तर मी अडवलं. म्हटलं, धूर कशाला? पस्तीस मिनिटांत बादली तापते.

"थ्री फेज आली की घरातल्या लाइटीचा जीव जातो, पावणं," सासरे म्हणाले. "समद्यांच्या इहिरीवरल्या मोटरी एकदम सुरू व्हत्यात."

मला, विज्ञानाच्या शिक्षकाला, वीज शिकवणार? पावणेपाचला बादलीत हीटर सोडला आणि तेल-उटणं लावून, नुसत्या पंचावर पाटावर बसलो. तेवढ्यात थ्री फेज आली. बल्बची नुसती लाल तार उरली. टीव्हीच्या स्टॅबिलायझरचा काटा एकशे पंधरावर येऊन टेकला.

"निम्मं व्होल्टेज," मी जाहीर केलं आणि कोळशानं मोरीच्या भिंतीवर मांडलं: दोनशे तीसला पस्तीस मिनिटं, तर एकशे पंधराला दुप्पट, सत्तर. सहाला पाच कमी असताना पाणी तयार. सूर्य साडेसहाला. सासूबाईंनी देवाकडे बघावं तसं भिंतीकडे बघितलं.

उटणं वाळून तडकायला लागलं. हसलो की गालाचे पोपडे पडत, म्हणून गंभीर राहिलो. (त्यामुळे फार विद्वान दिसत होतात, असं बायको नंतर म्हणाली.)

सहाला पाच कमी. बटण बंद करून बोट घातलं. पाण्याचा नुसता गारठा मोडला होता.

पहिल्याच सणाला जावई नरकात, असं काहीतरी सासूबाई पुटपुटल्या. उटण्याची वाटी घेऊन उभी असलेली माझी बायको सुनंदा (बारावी सायन्स) भिंत वाचत होती. हळूच म्हणाली, "अहो, हीटरचा रेझिस्टन्स तर तेवढाच राहिला. मग व्होल्टेज निम्मं झालं तर करंटपण निम्माच होईल ना?"

निम्मं गुणिले निम्मा, म्हणजे पाव! हजाराचे उरले अडीचशे वॅट आणि पस्तीस मिनिटांचे झाले दोन तास वीस मिनिटं. पाणी तापणार सात वाजून पाच मिनिटांनी, मी मात्र साडेसहालाच नरकात. हेच गणित न आल्याबद्दल सुट्टीआधी मी अर्धा वर्ग बाहेर उभा केला होता.

आता बंब पेटवून पाणी तापेपर्यंत वेळ नव्हता, आणि वाळून कडक झालेलं उटणं त्या एका बादलीनं निघणार नव्हतं. सासऱ्यांनी खांद्यावर टॉवेल टाकला. "चला मळ्यात. आपली मोटर डीपीजवळच हाय, तितं व्होल्टेज पडत न्हाई, ती चालतीया. इहिरीचं पाणी पाटंचं कोमट आसतं."

पिवळाजर्द मी पंचा सावरत पुढे, सासरे बॅटरी घेऊन मागे, अशी वरात निघाली. दारोदारी बायका रांगोळ्या घालत होत्या. कुणाचं पावणं, असं प्रत्येकीनं विचारलं आणि सासऱ्यांनी प्रत्येकीला सविस्तर सांगितलं, व्होल्टेजसकट. सहा वीसला मी मोटरच्या जाड धारेखाली उभा राहिलो. (माझं व्होल्टेज खाणाऱ्यांत हीही मोटर होती, पण ते मी मनावर घेतलं नाही.)

सुट्टी संपल्यावर फळ्यावर घालायचं प्रत्येक गणित मी आदल्या दिवशी गुपचूप सुनंदाकडून तपासून घ्यायला लागलो. दोन-तीन महिन्यांनी मुलं आपापसात बोलताना कानावर आलं, की सरांचा विज्ञानाचा अभ्यास आता बराच सुधारलाय.