सखारामभाऊंचे लाल ओठ

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. अशा गोष्टी सांगणाऱ्यांना मी हसायचो... तरी हे सांगतोच.

मी मूल गावाकडचा. झाडीपट्टीच्या नाटकांत मेकअप करतो. पूर्वी आमच्याकडे दंडारीत, म्हणजे गावच्या नाच-नाटकात, बाया नसायच्या. पुरुषच लुगडं नेसून नाचायचे. त्या जुन्या कलावंतांच्या आठवणी मी मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवतो.

गोंडपिपरीजवळच्या एका गावात सखारामभाऊ होते. तरुणपणी त्यांची 'मैना' बघायला लोक बैलगाड्या जुंपून यायचे. आता अंथरुणाला खिळलेले. फोनवर म्हणाले, "ये बाबू, सांगतो सारं." मी पोचलो, तर सकाळीच गेलेले.

अंगणात खाटेवर प्रेताला आंघोळ घालत होते—आणि घालणारे मागे सरकत होते. ओठ लालभडक, डोळ्यांत काजळ! मुलगा मोरेश्वर ओरडला, "कोनं केला हा तमाशा?" बापाची लुगडी, रंगाच्या डब्या त्यानं कधीच जाळल्या होत्या.

मला म्हणाला, "तुमी मेकअपवाले ना? काढा हे."

मी खोबरेल लावून पुसलं. फडकं लाल झालं, ओठ स्वच्छ... आणि डोळ्यांदेखत पुन्हा रंगले. पुन्हा पुसले, पुन्हा तेच.

मग मोरेश्वरनं विटेचा तुकडा उचलला आणि बापाचे ओठ घासायला लागला. "जिंदगीभर लाजवलं... आता तरी सोड!" कातडी सोलवटली, तरी थांबेना. तो खरखर आवाज मला ऐकवेना. कुंपणाशी जाऊन ओकलो.

आतून सखारामभाऊंची बायको, जयाबाई, धावत आल्या. त्यांनी वीट हिसकून नालीत फेकली.

"घासू नको त्याले! लगनाच्या मांडवात बी दंडारीतून असाच आला होता. मले लाज नाई वाटली, तुले काऊन वाटून राह्यली? तू नको येऊ घाटावर. आग मीच देतो."

आणि दिली. सोललेल्या कातडीवरही तो लाल रंग तसाच होता. घाटावर सगळ्यांनी बघितला.

कोणी म्हणतं औषधाचा परिणाम, कोणी म्हणतं रक्त. रक्त आणि रंग मला वेगळे ओळखता येतात, तो माझा धंदाच आहे. तो रंग होता. कुठून येत होता, मला आजही सांगता येत नाही. भीती तर तेव्हाही वाटली नाही. ती वीट आठवली की मात्र तोंडचा घास बाहेर येतो.