साहेबाला पाडायचं होतं

अमेरिकेत हर्नडनच्या ऑफिसात मी वर्षभर खपून उभी केलेली सिस्टिम माझ्या साहेबाने स्वतःची म्हणून वरच्यांना दाखवली, आणि मग मलाच काढून टाकलं. आयत्या बिळावर नागोबा! व्हिसावरच्या माणसाची नोकरी घालवणं म्हणजे त्याचं घर, मुलीची शाळा, सगळंच पणाला लावणं. दुसरी नोकरी मिळाली, पण मी डूख धरला तो धरलाच.

साहेबाला एक नाद होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या लढाया जुन्या पोशाखात पुन्हा लढणारी मंडळी इथे आहेत. त्यांच्यात तो दक्षिणेचा सेनापती व्हायचा, मनॅससच्या लढाईत दगडी भिंतीसारखा उभा राहिला म्हणतात तो. मी लगेच उत्तरेच्या तुकडीत शिरलो. युद्ध उत्तरेने जिंकलं, एवढं ज्ञान मला पुरेसं वाटलं.

मनॅससला बंदुकीत नुसती दारू भरून मी त्याच्या दिशेने बार काढला. तो हललासुद्धा नाही. या खेळात कधी मरायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं असतं! शिवाय ती लढाई उत्तर हरली होती. त्याच्या डोळ्यांदेखत आम्हाला पळता भुई थोडी झाली.

"नाइस रनिंग!" तो घोड्यावरून ओरडला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग मी वाचायला बसलो. चान्सलर्सव्हिलची लढाई दक्षिणेने जिंकली, पण अंधारात त्या सेनापतीवर त्याच्याच शिपायांनी शत्रू समजून गोळ्या झाडल्या. म्हणजे तिथे त्याला पडावंच लागणार. फक्त मी त्याच्या बाजूला हवा. मी दक्षिणेचा राखाडी कोट घेतला.

"बाबा, दोज गाइज वॉन्टेड टु कीप स्लेव्ह्ज," मुलगी म्हणाली. "यू नो दॅट, राइट?"

"माहीत आहे गं. एकदाच घालणार."

"देन आय ॲम नॉट कमिंग."

चान्सलर्सव्हिलला मला राखाडी कोटात बघून साहेबाने मिठी मारली. "फायनली, ऑन माय टीम!" दिवेलागणीला त्याचा घोडा झाडीतून आला, तेव्हा सगळ्यांत आधी माझा बार उडाला. तो कळवळून खोगिरावर कलला. लोकांनी त्याला उचलून खाली निजवलं. मला विलक्षण आनंद झाला. खोटं कशाला बोलू, आठवलं की अजूनही होतो.

घरी दार मुलीनेच उघडलं.

"सो, हू वन?"

"आम्ही," मी म्हणालो.

ती माझ्या कोटाकडे बघत राहिली.