म्हातारपण कुठे ठेवायचं?

दुबईच्या विमानतळावर शिरीषने दोन ट्रॉल्या भरल्या होत्या. एकीवर कपडे, दुसरीवर कुकर, मिक्सर, पोळपाट आणि मी करून दिलेली भाजणी. सानिका तेव्हा तेरा वर्षांची होती आणि कानात इअरफोन घालून, आपण या कुटुंबातले नाहीच अशा चेहऱ्याने उभी होती. शिरीष मला म्हणाला, "दोनच वर्षं, मेधा. तोवर पैसे जमतील, मग तू ये." मी मान हलवली. माझा नवरा आणि मुलगी टोरंटोला गेले आणि मी मेट्रोने जुमेरा लेक टॉवर्सला, म्हणजे आमच्या जेएलटीला, परत आले. पोळ्या लाटायचा कंटाळा आला म्हणून खालून शावर्मा आणला आणि टीव्हीसमोर बसून खाल्ला. वाईट वाटत होतं. पण जेवढं वाटायला हवं तेवढं वाटत नव्हतं, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

आता सांगते. मिरजेत राहिलेल्यांना आणि दुबई सोडून पुढे कॅनडात गेलेल्यांनाही, कारण तुम्ही सगळे फोनवर एकच प्रश्न विचारता: पुढचं काय ठरवलंस? मला या प्रश्नाचा मनापासून वैताग आलेला आहे.

आमच्या घरी माणूस रिटायर होत नसे, पेन्शनीत निघत असे. दादा, म्हणजे माझे वडील, पोस्टातून पेन्शनीत निघाले तेव्हापासून दर महिन्याला बँकेत जाऊन पासबुक भरून आणत आणि जेवताना आईला ऐकवत, "एक तारीख न चुकवणारा हाच एक मुलगा आहे मला." माझा भाऊ अनंता समोरच जेवत असे, तो मुकाट्याने आमटी ओढून घेई. मी दुबईला निघाले तेव्हा दादांनी पगार विचारला नाही. त्यांनी विचारलं, "तिथं पेन्शन आहे का?" मी तोऱ्यात म्हटलं की पगारच एवढा आहे, पेन्शन लागतेय कुणाला. त्यावर दादा "बरं" म्हणाले. त्यांचं बरं म्हणजे बरं नसे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

इथे आम्हा बाहेरून आलेल्यांना पेन्शन नाही. नोकरी सुटताना ग्रॅच्युइटी मिळते, तीही मूळ पगारावर. आणि मूळ पगार छोटा ठेवून भत्ते मोठे कसे दाखवायचे ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण मी एका काँट्रॅक्टिंग कंपनीच्या एचआरमध्येच बसते. नोकरी गेली की व्हिसा जातो आणि व्हिसा गेला की बिऱ्हाड उचलायचं. निवृत्त लोकांसाठी वेगळा व्हिसा आहे म्हणतात. त्याच्या अटी मी वाचल्या, दिरहमचे रुपये करून पाहिले आणि पान बंद केलं. अनंता मात्र म्हणतो, "तुला काय गं ताई, तू दिरहममध्ये कमावतेस." कमावते बाबा. घरभाडंही दिरहममध्येच भरते, ते तुझ्या डोक्यात कधी शिरणार?

कॅनडाचं खूळ आधी शिरीषच्या डोक्यात शिरलं. त्याची सेल्स मॅनेजरची नोकरी गेली होती, आणि त्याच्या अर्ध्या पगारात काम करायला तरुण पोरं रांगेत उभी होती. आम्ही तिघांनी पीआर, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना, घेतलं, पंधरा दिवस जाऊन तिथे पाऊल ठेवून आलो, आणि वर्षभराने ते दोघे कायमचे गेले. पगार माझा चालू होता म्हणून मी मागे राहिले. शिरीष आता टोरंटोला लागून असलेल्या मिसिसॉगात हार्डवेअरच्या एका मोठ्या दुकानात दिवसभर उभा असतो. संध्याकाळी पाय सुजतात. त्याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. बोलतो ते फक्त रिटायरमेंटवर.

धर्मांतर केल्यासारखा बदलला हा माणूस. दुबईत असताना त्याची गुंतवणूक म्हणजे धनत्रयोदशीला देऱ्याच्या सोनेबाजारातून आणलेलं सोन्याचं नाणं आणि पुण्यातला एक फ्लॅट, ज्याचं भाडं सोसायटीच्या मेंटेनन्सलाच जातं. आता फोन उचलला की आरआरएसपी आणि टीएफएसए, ही तिथली बचतीची खाती. एकात पैसे टाकले की आजचा टॅक्स वाचतो, दुसऱ्यात टाकले की वाढीवर टॅक्स लागत नाही, हे त्याने मला इतक्या वेळा समजावलंय की मी झोपेतही सांगेन. मी पाठवलेले दिरहम तिथे डॉलर होतात आणि त्याच्या नावावर जाऊन बसतात. एकदा तो मोठ्या कौतुकाने म्हणाला, "इथे अगदी साधा माणूससुद्धा रिटायरमेंटचं प्लॅनिंग करतो, मेधा."

"साध्या माणसाची बायको दुबईत कमावते म्हणून," मी म्हटलं.

तो फोन तिथेच संपला. दोन दिवसांनी त्याने इंडेक्स फंडावरचा एक व्हिडिओ पाठवला. समेटाची त्याची तीच पद्धत आहे.

या वर्षी मात्र विषय टाळता येईना. पीआर टिकवायचं तर पाच वर्षांतली दोन तिथे काढायची अशी अट असते, आणि माझ्याकडून ती पुरी होणं आता शक्य नव्हतं; या हिवाळ्यात पीआर कार्डाची मुदत संपायच्या आत जाऊन तिथेच राहिले तर कदाचित निभावलं असतं. शिरीष म्हणाला की राजीनामा दे. मी म्हटलं की एक वर्ष अजून थांबू, ग्रॅच्युइटी थोडी वाढेल. तो म्हणाला, मग कार्ड जाईल. मी म्हटलं, बघू. असं "बघू" मी सहा महिने चालवलं. मलाही खरंच वाटत होतं की मी पैशांसाठीच थांबले आहे. आखातातल्या माणसाला एवढं एक कारण असलं की दुसरं शोधावं लागत नाही.

शेवटी शिरीषने त्याच्या बँकेतल्या सल्लागाराशी व्हिडिओ कॉल ठरवला. हरप्रीत नावाची पंजाबी मुलगी होती, हिंदीत गोड बोलणारी. इथे शनिवारची संध्याकाळ, तिथे सकाळ. शिरीषने दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि सगळे आकडे तयार ठेवले होते. हरप्रीतने ते बाजूला ठेवायला सांगितले.

"नंबर्स बाद में देखते हैं," ती म्हणाली. "पहले ये बताइए, सत्तर की उम्र में आप दोनों सुबह कहाँ उठना चाहते हैं? एक एक करके बोलिए."

शिरीष तयारीतच होता. सानिकाच्या जवळपास दोन खोल्यांचं घर, थंडीचे तीन महिने मिरज, मेधाला बागकामासाठी बाल्कनी. मी आयुष्यात एक तुळससुद्धा जगवलेली नाही. मग माझी पाळी आली. मी काही ठरवून बोलले नाही, खरंच.

"मैं यहीं," मी म्हटलं. "जेएलटी में."

"मतलब, रिटायर होने तक?" हरप्रीतने विचारलं.

"नहीं, उसके बाद."

ती जरा चाचरली. "लेकिन मैम, वहाँ तो... वीजा?"

"पता है," मी म्हटलं.

शिरीष कॅमेऱ्यात जवळ आला. "मेधा, अगं आपलं ठरलंय ना?"

त्याच्या मागे सानिका फ्रिजमधून दूध काढत होती. तिने वळूनही पाहिलं नाही. "यू डिसाइडेड, बाबा," ती म्हणाली. "आई नेव्हर सेड शी वॉज कमिंग." आणि दूध घेऊन आपल्या खोलीत गेली.

तिला ते कधीपासून कळलं होतं, कोण जाणे. मला तर त्या क्षणी कळलं. म्हणजे आम्ही दोघांनी इतकी वर्षं पोटाला चिमटा काढून दोन वेगवेगळी म्हातारपणं जमवली होती. त्याचं त्याच्या नावावर तिथे सुखरूप होतं. माझं ज्या देशात होतं त्या देशात ते ठेवून घ्यायची सोयच नाही. मला स्वतःचा भयंकर राग आला, शिरीषचा आला, आणि हसत हसत असला प्रश्न विचारणाऱ्या त्या पोरीचाही आला.

दुसऱ्या दिवशी शिरीषने एकट्याने फोन केला. आवाज उतरलेला होता. "तिथे आहे काय तुझं?" त्याने विचारलं. मला धड सांगता आलं नाही. संध्याकाळी तळ्याभोवती फिरताना भेटणारी लेबनीज बाई, तिला माझं नाव येत नाही, ती मला हबीब्ती, म्हणजे लाडके, म्हणते. ऑफिसात माझ्या सहीशिवाय कुणाचा पगार निघत नाही. मिरजेत मी दादांची मुलगी होते, मिसिसॉगात सानिकाची आई आणि शिरीषची बायको असेन, सून आणि वहिनी तर व्हॉट्सअॅपवर रोज असतेच. इथे मी कामाला आले, माझ्या पायांवर आले. पण हे फोनवर बोललं की नवऱ्याला टोमणा वाटतो. म्हणून मी म्हटलं, "काही नाही. सवय झालीय."

"मी तीन वर्षं इथे तुझी जागा धरून बसलोय गं," तो म्हणाला.

बसमध्ये रुमाल टाकून धरतात तशी जागा हा माणूस सुजल्या पायांनी धरून होता, आणि मी स्टँडवरून हललेच नव्हते. मी रडले. पण "येते" असं माझ्या तोंडून निघालं नाही, आणि त्याने ते पुन्हा मागितलं नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. राजीनामा दिलेला नाही. कार्ड जाईल, ते जाऊ द्यायचं ठरलं आहे. कंपनी मला ठेवील तोवर मी इथे आहे, आणि ठेवणार नाही तेव्हा कुठे जाईन ते मला माहीत नाही. अनंताला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "ताई, हे काय प्लॅनिंग झालं?" नाही झालं. पण जिथून कुणी काढल्याशिवाय आपला पाय निघत नाही ते आपलं घर, असं मला आता वाटतं. ते कुणाच्या मालकीचं आहे याला फारसा अर्थ नसतो. घर असूनही त्यात म्हातारं होता येत नाही, याची चीड मात्र जात नाही, आणि ती जावी अशी माझी इच्छाही नाही.

डिसेंबरात मी कॅनडाला जातेय, तीन आठवडे, कार्डाची मुदत संपायच्या आत. तीन वर्षांत आम्ही भेटलो ते दर उन्हाळ्यात अनंताकडे, हॉलमध्ये गाद्या टाकून सगळे ओळीने झोपलेले. परवा शिरीषने फोन करून विचारलं की जाड जॅकेट कुठल्या मापाचं घेऊ, भाजणी आणशील का, आणि मग म्हणाला, "तू अजून भिंतीकडेच झोपतेस ना?"

मी "हो" म्हटलं. खरं म्हणजे मी आता मधोमध झोपते.