आईनं वेचून आणलेले कीटक

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी तीस कीटकांची पेटी द्यावी लागायची. नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी हातकणंगल्याहून रोज कोल्हापूरला कॉलेजात जायची. वडील एका कारखान्यात हमाली करायचे, आई दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला.

कीटक पकडून औषधात भिजवलेल्या कापसाच्या बाटलीत टाकायचे, निपचित पडले की टाचणीवर चढवायचे. पहिल्याच दिवशी मी बाटली घरी आणली. आत एक फुलपाखरू फडफडत होतं. आईनं ते पाहिलं. आमच्या घरात रोज सकाळी बुद्धवंदना व्हायची. ती शांतपणे म्हणाली, "सकाळी शील घ्यायचं आन् हितंच जीव मारायचं, हे न्हाय जमायचं."

मी भांडले. हा अभ्यास आहे, सगळेच करतात, मार्क तू देणार आहेस का, असं बरंच बोलले. गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना आईनं दुधाच्या रिकाम्या पिशवीत मेलेले चार भुंगेरे आणले. बांधावर पडले होते म्हणाली.

मग हाच क्रम झाला. वाळलेल्या कीटकात टाचणी घातली तर पाय गळून पडतात. म्हणून मी ते झाकणाच्या डब्यात ओल्या वाळूवर दोन दिवस ठेवायची. अंग मऊ पडलं की भुंगेऱ्याच्या उजव्या पंखातून टाचणी घालायची आणि थर्माकोलवर सुईनं एकेक पाय सरळ करायची. आई शेजारी बसून बघायची, हात मात्र लावायची नाही. पेटी द्यायला आठवडा उरला तेव्हा एकोणीस झाले होते. मी तिच्यासमोर रडले.

त्यानंतर दोन दिवसांनी कॉलेजातून आले, तर घराला कुलूप. शेजारच्या मावशी आईबरोबरच कामाला असायच्या. त्यांनी मला एकटीला सांगितलं, सकाळी वांग्याच्या प्लॉटवर फवारणी झाली होती, मालकानं बायकांना तिकडं जाऊ नका म्हणून बजावलं होतं. तरीही जेवणाच्या सुट्टीत आई तिकडं गेली. ओल्या पानांखाली वाकून उघड्या हातांनी काहीतरी वेचत होती आणि त्याच हातांनी तिनं भाकरी खाल्ली. तासाभरात उलट्या सुरू झाल्या, तोंडातून लाळ गळायला लागली.

कोल्हापूरच्या दवाखान्यात पोचले तेव्हा तिच्या हाताला सलाईन होतं आणि गालाचे स्नायू आपोआप उडत होते. खाटेशी एक हवालदार जबाब घ्यायला उभा होता. बाई स्वतःहून औषध प्यायली का, घरात काही भांडण झालं होतं का, असं तो वडिलांना विचारत होता. वडिलांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली बघितलं. आईच अडखळत म्हणाली, "वांगी तोडताना फवारा लागला, सायेब." त्यानं तेवढंच लिहून घेतलं.

तो गेल्यावर तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं. "पिशवी मावशीकडं हाय. किती भरलं बघ."

बारा होते. मी घरी येऊन, हातावर प्लास्टिकच्या पिशव्या बांधून ते टाचणीवर चढवले. आई दवाखान्यात होती आणि मी एका मधमाशीचे पंख कागदाच्या पट्टीखाली सरळ करत होते. एकीचं डोकं तुटलं, तर मी डिंकानं चिकटवलं. ताजेच होते, वाळूत ठेवायची गरज पडली नाही.

पेटी वेळेत दिली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मांडणी स्वच्छ आहे म्हणून शेरा दिला. कुठून पकडले, असं विचारलं. शेतातून, म्हणाले.

आई नवव्या दिवशी घरी आली. तिचा उजवा हात तेव्हापासून थरथरतच राहिला. तोडणीच्या कामावर तिला कुणी बोलावेना, मग ती घरीच राहिली. पुढं मला शिक्षिकेची नोकरी लागली. ती गेली त्या वर्षापर्यंत आम्ही दोघी यावर कधी बोललो नाही. वडिलांना आजही वाटतं की तिनं हवालदाराला खोटं सांगितलं, माझ्या त्या भांडणामुळंच ती औषध प्यायली होती, आणि खरं काय ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.